जुन्या मोटारींचा लुटुपुटूचा लिलाव: बोलीआधीची बारा आणे तयारी

लुटुपुटूचा लिलाव बहुतेक वेळा तिसऱ्या-चौथ्या गाडीला कोलमडतो. कुणीतरी पहिल्याच गाडीवर सगळी थैली रिकामी करतं, त्याच बोली दोघांच्या फोनवर वेगवेगळ्या क्रमाने दिसतात, लिलावदाराला स्वतःलाच मोह आवरत नाही. अर्ध्या तासात मंडळी "जाऊ द्या, पुढच्या वेळी बघू" म्हणत पांगतात. मी असे सहा लिलाव पुकारले, त्यातले पहिले दोन पुरते फसले. दोन्ही वेळा आम्ही गाड्यांचे फोटो जमवण्यात आठवडा घालवला होता आणि पैशांचे नियम मात्र लिलावाच्या दिवशी चहा पिता पिता ठरवले होते. खोटा पैसा खऱ्यासारखा तेव्हाच वागतो, जेव्हा तो कमी पडतो. पुढचे बहुतेक टप्पे या कमी पडण्याचीच मांडणी आहेत.

खेळ थोडक्यात असा. एखाद्या खऱ्या लिलावगृहाच्या येत्या विक्रीची छापील यादी घ्यायची. खरी विक्री व्हायच्या चार-पाच दिवस आधी आपण त्याच गाड्यांवर प्रत्येकाच्या थैलीतल्या खोट्या डॉलरांनी बोली लावायची. खरे निकाल आले की कोणी स्वस्तात घेतलं आणि कोण फसलं, याचा हिशेब मांडायचा.

सावधान: खरा पैसा एक रुपयाही आणू नका. प्रवेश फी नको आणि "जिंकणाऱ्याला सगळ्यांनी मिळून जेवण" अशी पैजही नको. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर २०२५ च्या केंद्रीय कायद्याने बंदी आणली आहे. त्या वाटेला जायचं कारणच नाही.

## टप्पा १: लिलाव निवडा आणि तारीख बांधा

झालेल्या लिलावाच्या गाड्या घेणं ही सर्वांत पहिली आणि सर्वांत मोठी चूक. चॅसी क्रमांक टाकला की विक्रीची किंमत मिनिटभरात सापडते. "कोणी शोधायचं नाही" हा नियम कागदावरच राहतो. आमच्या एका लिलावात एका गृहस्थांनी चारही गाड्या खऱ्या किमतीच्या थोड्या खाली थांबून घेतल्या आणि वर "अनुभव आहे हो" असं सांगितलं. म्हणून विक्री नेहमी यायची असलेलीच घ्यावी. उत्तरपत्रिकाच छापली नसेल तर कॉपी करणार कोण?

मोठ्या विक्रीच्या वेळा ठरलेल्या असतात. जानेवारीत अमेरिकेत किसिमी आणि स्कॉट्सडेल, जानेवारी-फेब्रुवारीत पॅरिसच्या रेट्रोमोबिल प्रदर्शनाच्या सुमारास, आणि ऑगस्टच्या मध्यावर कॅलिफोर्नियात मॉन्टेरे. नवख्यांनी मॉन्टेरे घ्यावं. त्या आठवड्यात एकाच परिसरात अनेक लिलावगृहांच्या विक्री असतात, त्यामुळे निवडायला गाड्या भरपूर मिळतात आणि निकालही लगेच जाहीर होतात.

आपला लिलाव त्याआधीच्या शनिवारी ठेवा, भारतीय वेळेनुसार रात्री साडेनऊला. तेव्हा लंडनमध्ये संध्याकाळचे पाच, दुबईत रात्रीचे आठ, न्यूयॉर्कमध्ये दुपारचे बारा आणि कॅलिफोर्नियात सकाळचे नऊ वाजलेले असतात. (ही ऑगस्टमधली गणितं आहेत. जानेवारीत अमेरिका आणि लंडनचं घड्याळ एक तास मागे जातं, तेव्हा ती नव्याने मांडावी लागतात.) सिडनीची मंडळी रात्री दोनला उठत नाहीत, त्यांच्यासाठी आधी पाठवून ठेवायच्या बोलीची सोय टप्पा ६ मध्ये आहे.

तपासा: यादी ज्या दिवशी उतरवून घेतली, तो दिवस वहीच्या पहिल्या ओळीत लिहा. लिलावगृहं नंतर अंदाजित किंमत (गाडी कितीला जाईल याचे यादीत छापलेले आकडे) बदलतात, गाडी मागे घेतात. आपल्या खेळात उतरवलेल्या दिवशीचे आकडेच धरायचे.

## टप्पा २: गाड्या निवडा आणि प्रत्येकीची चिठ्ठी तयार करा

वीस गाड्या पुरतात. एका गाडीला तीन मिनिटं धरली, मधल्या शंका-कुशंका धरल्या, तर दीड तास होतो. तीस गाड्यांचा उत्साह पंधराव्या गाडीला संपतो.

काय घेऊ नये ते आधी सांगतो. ज्यांच्यापुढे आकड्याऐवजी "किंमत विचारल्यास सांगू" असं छापलेलं असतं त्या गाड्या नकोत, कारण थैलीचं गणित अंदाजित किमतीवर उभं आहे. सिनेमातल्या आणि नटांच्या गाड्याही नकोत. 'बुलिट' सिनेमातली मस्टँग जानेवारी २०२० मध्ये किसिमीला राखीव किमतीशिवाय, म्हणजे विकणाऱ्याने खालची मर्यादा न ठेवता, पुकारली गेली आणि ३४ लाख डॉलरला हातोडा पडला. तशाच दुसऱ्या मस्टँगच्या भावाशी त्या आकड्याचा काही संबंध नाही. अशी गाडी खेळात घेतली की अभ्यास करून आलेला आणि नुसता नशीब आजमावणारा एकाच पातळीवर येतात.

आणखी एक मोह टाळा: आपल्या गाड्या. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघालेली प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बॅसेडर, स्टँडर्ड हेराल्ड यांच्यावर बोली लावायला कुणाला नाही आवडणार? पण त्यांच्या जाहीर लिलावांचे तुलनेला पुरतील इतके निकाल हाती लागत नाहीत. निकाल नाही तर गुण कशाचे द्यायचे? शेवटी दोन-तीन गाड्यांची हौसेची फेरी ठेवा, बिनगुणांची. आमच्याकडे त्या फेरीत सर्वांत जास्त आरडाओरडा होतो.

आता चिठ्ठी. इथे सर्वांत जास्त वेळ द्या, कारण गाडीचं नाव एक आणि भाव दहा, असा हा बाजार आहे. प्रत्येक गाडीच्या चिठ्ठीवर एवढं हवंच:

- वर्ष, मॉडेल आणि नेमका प्रकार
- चॅसी क्रमांक आणि इंजिन क्रमांक
- इंजिन मूळचं आहे की बदललेलं
- जीर्णोद्धार कधी आणि कोणी केला, की गाडी जशीच्या तशी आहे
- मालकांची साखळी, जितकी यादीत दिली असेल तितकी
- अंदाजित किमतीचे खालचा आणि वरचा असे दोन्ही आकडे
- राखीव किंमत आहे की नाही

नेमका प्रकार म्हणजे काय, ते एका उदाहरणाने कळेल. मर्सिडीज ३०० एसएल गलविंग एकूण १,४०० बनल्या. त्यातल्या २९ गाड्यांची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची होती. फोटोत दोन्ही सारख्याच दिसतात. पण अ‍ॅल्युमिनियमवाली २०२२ मध्ये अ‍ॅरिझोनात ६८ लाख २५ हजार डॉलरला गेली. साध्या पोलादी गलविंगला हा आकडा स्वप्नातही मिळत नाही. तीच गोष्ट १९७३ च्या पोर्शे ९११ कॅरेरा आरएस २.७ ची. एकूण १,५८० गाड्या, त्यातल्या हलक्या वजनाच्या फक्त २००. चिठ्ठीवर नुसतं "कॅरेरा आरएस" लिहिलं तर अर्धी मंडळी हलकी समजून बोली लावतील, अर्धी साधी समजून गप्प बसतील, आणि लिलावानंतर भांडण होईल. ते तुमच्या चिठ्ठीमुळे झालेलं असेल.

चॅसी क्रमांकाबद्दल एक गैरसमज प्रत्येक वेळी निघतो: "क्रमांक सतरा अक्षरी नाही, म्हणजे गाडी बनावट." सतरा अक्षरी क्रमांकाची पद्धत १९८१ पासूनची आहे. त्याआधी प्रत्येक कारखान्याची आपली तऱ्हा होती. १९७३ च्या कॅरेरा आरएसचा क्रमांक दहा आकडी असतो आणि ९११३६० ने सुरू होतो. उलट त्या काळच्या गाडीवर सतरा अक्षरं दिसली तर तेव्हा शंका घ्या.

तपासा: चिठ्ठी तयार झाली की ती गाड्यांतलं फारसं न कळणाऱ्या एखाद्याला वाचायला द्या. "ही कोणती गाडी आणि तिच्यात काय वेगळं आहे" हे त्याला एका वाक्यात सांगता आलं नाही, तर चिठ्ठी पुन्हा लिहा.

## टप्पा ३: थैली ठरवा

आमचे पहिले दोन लिलाव इथेच बुडाले. पहिल्या वेळी आम्ही प्रत्येकाला दहा लाख डॉलर दिले, कारण दहा लाख हा आकडा गोल होता. गाड्यांच्या एकूण किमतीच्या तिप्पट पैसा बाजारात आला. प्रत्येक गाडी वरच्या अंदाजाच्या दीडपट गेली आणि कुणालाच काही वाटलं नाही.

मी आता वापरतो ते गणित असं. प्रत्येक गाडीच्या दोन अंदाजांचा मध्य काढा आणि सगळ्यांची बेरीज करा. त्या बेरजेचे ८५ टक्के एवढाच पैसा बाजारात सोडा. वीस गाड्यांच्या मध्यांची बेरीज ६० लाख डॉलर असेल तर एकूण पैसा ५१ लाख. खेळाडू दहा असतील तर प्रत्येकाची थैली ५ लाख १० हजार. एखादा खेळाडू आदल्या दिवशी गळाला तर थैल्या पुन्हा वाटा. "राहू दे, चालतंय" म्हणू नका.

यादीतल्या सर्वांत महाग गाडीचा मध्य एका थैलीच्या ८० टक्क्यांच्या आत हवा. आपल्या उदाहरणात साधारण ४ लाख. त्यापेक्षा महाग गाडी घ्यायचीच असेल तर भागीदारीला परवानगी द्या, पण दोघांनी लिलावाआधी ती जाहीर केली पाहिजे. लिलाव सुरू असताना ठरलेली भागीदारी ग्राह्य नाही.

उरलेल्या पैशाचं काय करायचं, यावर आम्ही दोन वर्षं चाचपडलो. आधी उरलेल्या पैशाला शून्य गुण होते. शेवटच्या तीन गाड्यांवर सगळे तुटून पडायचे. मग निम्मे गुण दिले. आमच्यातल्या एका सीए बाईंनी पहिल्याच फेरीत त्यातलं भोक दाखवलं: उरलेल्या दोन रुपयांची किंमत एक रुपया असेल, तर शेवटच्या गाडीला तिच्या किमतीच्या जवळपास दुप्पट देणंही फायद्याचंच! पूर्ण गुण दिले तर हात बांधून बसणारे वाढतात. आता आम्ही ९० टक्के धरतो. गप्प बसल्याचा दंड होतो, पण वेडेपणा करावासा वाटेल इतका नाही.

## टप्पा ४: प्रीमियम थैलीतूनच कापा

हातोडा पडतो ती किंमत वेगळी आणि घेणाऱ्याच्या खिशातून जाते ती वेगळी. मधला फरक म्हणजे खरेदीदाराकडून घेतला जाणारा प्रीमियम. लिलावगृहं जे निकाल जाहीर करतात त्यात तो बहुधा धरलेला असतो, यादीतल्या अंदाजित किमतीत मात्र सहसा नसतो. हे न कळल्यामुळे आपली हातोड्याची किंमत खऱ्या लिलावाच्या प्रीमियमसकट किमतीशी ताडली जाते आणि सगळ्यांनाच आपण स्वस्तात घेतल्याचा आनंद होतो.

एक खरा हिशेब करून बघू. ऑगस्ट २०१८ मध्ये मॉन्टेरेला १९६२ ची फेरारी २५० जीटीओ ४ कोटी ४० लाख डॉलरला हातोड्याखाली आली. प्रीमियम पहिल्या अडीच लाखांवर १२ टक्के आणि त्यापुढच्या रकमेवर १० टक्के. म्हणजे ३०,००० अधिक ४३,७५,०००, एकूण ४४,०५,०००. जाहीर झालेली किंमत: ४ कोटी ८४ लाख ५ हजार. आकडे बरोबर जुळतात. आपल्या खेळातही हेच दर ठेवा. तुम्ही निवडलेल्या लिलावगृहाचे दर वेगळे असतील तर ते त्यांच्या अटींमध्ये छापलेले असतात, तेच घ्या.

आता खेळाडूच्या बाजूने. हातात २ लाख उरलेत म्हणून २ लाखांची बोली लावता येत नाही. जास्तीत जास्त बोली काढायची रीत अशी:

- शिल्लक २,८०,००० पर्यंत असेल तर शिल्लक भागिले १.१२
- त्याहून जास्त असेल तर शिल्लकेतून ५,००० वजा करून भागिले १.१

२ लाख शिल्लक असेल तर १,७८,५७१. बोलीच्या पायरीत बसवून १,७०,०००. पूर्ण थैली, म्हणजे ५,१०,००० हातात असेल तर ४,५९,०९०, पायरीत बसवून ४,५०,०००. हा आकडा प्रत्येकाच्या नावापुढे हिशेबाच्या तक्त्यात आपोआप दिसेल अशी सोय करा. बोली लावताना कुणीही भागाकार करत नाही.

सावधान: कुवतीबाहेरच्या बोलीवर हातोडा पडला तर गाडी दुसऱ्या क्रमांकाच्या माणसाला देऊ नका. तो खोट्या बोलीशी झगडत वर चढलेला असतो. ती गाडी सर्वांत शेवटी पुन्हा पुकारा.

## टप्पा ५: माणसं आणि राखीव किंमत

तीन माणसं बोलीबाहेर हवीत: पुकारणारा, नोंद ठेवणारा आणि वाद मिटवणारा. माणसं कमी असतील तर शेवटची दोन कामं एकाने करावीत. पुकारणाऱ्याने मात्र एकाही गाडीवर बोली लावायची नाही, हौसेच्या फेरीतसुद्धा नाही.

राखीव किंमत म्हणजे विकणाऱ्याचा गुप्त तळ. त्याखाली गाडी जात नाही. खऱ्या लिलावात ती सहसा खालच्या अंदाजाइतकी किंवा त्याहून कमी असते. खेळात ती नशिबावर सोडा. ८०, ८५, ९०, ९५, १०० अशा पाच चिठ्ठ्या करा, प्रत्येक गाडीसाठी एक उचला आणि खालच्या अंदाजाचे तेवढे टक्के राखीव किंमत म्हणून लिहा. यादीत जी गाडी राखीव किमतीशिवाय आहे तिला चिठ्ठी नाही. हा तक्ता पुकारणारा आणि वाद मिटवणारा या दोघांकडेच राहतो. लिलाव सुरू होण्याआधी तो दोघांनी एकमेकांना पाठवून ठेवायचा, म्हणजे नंतर "तुम्ही आकडा बदललात" असा आरोप होत नाही.

पुकारणाऱ्याने राखीव किमतीपर्यंत भाव चढवायला हवेतल्या, म्हणजे कुणीच न लावलेल्या, बोली घ्याव्यात का? खऱ्या लिलावघरांत हे चालतं, आपल्याकडेही कायद्यात त्याला जागा आहे, पण अट आहे. मालविक्री अधिनियम १९३० च्या कलम ६४ प्रमाणे विकणाऱ्याने बोली लावायचा हक्क आधी उघड राखून ठेवायला हवा, आणि भाव वाढवायला खोटी बोली वापरली तर खरेदीदाराला व्यवहार रद्द करता येतो. माझा सल्ला: पहिल्या दोन खेळांत हवेतली बोली बंद. नंतर आणायची तर आरंभीच जाहीर करा. हातोडा पडेपर्यंत बोली मागे घेता येते, असंही तेच कलम सांगतं. आम्ही खेळात ही मुभा ठेवलेली नाही, नाहीतर रात्रीचे बारा वाजतात.

## टप्पा ६: आकड्यांची भाषा

या टप्प्याला लोक हसतात. मग त्यावरूनच भांडतात.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये मॉन्टेरेला पोर्शे टाइप ६४ पुकारली गेली. सुरुवात १ कोटी ३० लाखांवर झाली, पण इंग्रजी उच्चारांच्या घोळात पडद्यावर ३ कोटी झळकले. आकडा पडद्यावर ७ कोटींपर्यंत चढला. मग सांगण्यात आलं की ते १ कोटी ७० लाख आहेत. सभागृहातून हुर्यो उडाली आणि गाडी विकलीच गेली नाही. इतक्या मोठ्या जागी हे होतं, तर आपल्या कॉलवर काय होईल?

मराठीत तेरा-तीस असा गोंधळ नाही, पण आपले सापळे आपल्याकडे आहेत. एकोणसाठ की एकोणसत्तर? त्रेपन्न की त्रेसष्ट? आणि सव्वा, दीड, पावणेतीन यांत वाढलेल्याला ते जितके सोपे, तितके शिकागोत वाढलेल्या भाचीला अवघड. आमच्या एका लिलावात ती शांतपणे विचारती झाली, "काका, पावणेतीन म्हणजे तीन झाल्यावर की आधी?" तोवर गाडी गेली होती.

म्हणून नियम: बोली तोंडाने लावली तरी ती आकड्यांत लिहायची, आणि लिहिलेलीच खरी. पूर्ण आकडा लिहायचा, "२.७५" नाही. स्वल्पविरामाची पद्धतही एकच हवी. यादी अमेरिकन पद्धतीने दहा लाखांना एक मिलियन म्हणते आणि तीन-तीन आकड्यांवर स्वल्पविराम देते, आपण २,७५,००० लिहितो. तक्त्यात दोन्ही मिसळले की एखादं शून्य सहज निसटतं. चलन डॉलरच ठेवा, रुपयांत बदलायच्या फंदात पडू नका.

बोलीची पायरी आम्ही अशी ठेवतो: ५०,००० पर्यंत २,५००ची, १ लाखापर्यंत ५,०००ची, अडीच लाखांपर्यंत १०,०००ची, त्यापुढे २५,०००ची. मधली बोली घ्यायची नाही. "आणखी पाचशे" करणारे एक काका प्रत्येक गटात असतात. त्यांच्यासाठीच हा नियम.

आणि ज्यांना त्या वेळी हजर राहता येत नाही त्यांनी आपली कमाल किंमत नोंद ठेवणाऱ्याकडे आधी पाठवायची. तो त्यांच्या वतीने गरजेपुरतीच पायरी चढतो. कमाल ३ लाख असली आणि बाकीचे २ लाखांवर थांबले, तर गाडी २,१०,०००ला येते. हजर माणसाची बोली आणि आधी पाठवलेली कमाल सारखी झाली, तर आधी पाठवणाऱ्याला गाडी.

## टप्पा ७: दोन गाड्यांची रंगीत तालीम

आदल्या संध्याकाळी वीस मिनिटं. यादीबाहेरच्या दोन गाड्या घ्या आणि खऱ्यासारख्या पुकारा. यात तीन गोष्टी कळतात: कुणाचा आवाज उशिरा पोहोचतो, तक्ता शिल्लक बरोबर कापतो का, आणि बोली लिहायची जागा सगळ्यांना सापडते का.

बोली निरोपाच्या गटात लिहिणार असाल तर एक अडचण इथेच दिसेल. व्हॉट्सअ‍ॅपवर निरोपाची वेळ मिनिटापर्यंतच दिसते, आणि दोन निरोप दोन फोनांवर उलट्या क्रमाने येऊ शकतात. उपाय: नोंद ठेवणाऱ्याच्या पडद्यावर जो क्रम दिसतो तोच अंतिम. हे आधी सगळ्यांकडून कबूल करून घ्या. पाठवलेला निरोप पंधरा मिनिटांपर्यंत बदलता येतो, म्हणून बदललेली बोली सरळ बाद. यापेक्षा चांगलं हवं असेल तर बोलीसाठी गूगल फॉर्म करा, त्यात सेकंदापर्यंत वेळ नोंदली जाते.

## टप्पा ८: प्रत्यक्ष पुकार

गाड्यांचा क्रम पुकारणाऱ्याने ठरवावा. सुरुवातीला दोन-तीन स्वस्त, राखीव किमतीशिवायच्या गाड्या, म्हणजे हात सैल होतात. सर्वांत महाग गाडी बाराव्या-तेराव्या क्रमांकावर. ती पहिली आणली तर घेणारा संपतो आणि उरलेला वेळ नुसता बघत बसतो. शेवटी आणली तर सगळे तिच्यासाठी पैसे दाबून बसतात आणि मधला लिलाव मेल्यासारखा होतो.

एका गाडीचा क्रम असा:

१. क्रमांक, वर्ष, नेमका प्रकार, अंदाजित किंमत वाचा. इतिहास वाचू नका, चिठ्ठी सगळ्यांकडे आहे.
२. खालच्या अंदाजाच्या साधारण निम्म्यावर सुरुवात करा.
३. प्रत्येक बोलीनंतर नाव आणि पूर्ण आकडा पुन्हा बोला. नोंद ठेवणारा तोच लिहितो.
४. बोली थांबली की "एक वार", पाच सेकंद, "दोन वार", पाच सेकंद, "तीन वार". पाच सेकंद फार वाटतात, पण आवाज पोहोचायला लागतातच.
५. राखीव किंमत गाठली नसेल तर "गाडी परत" एवढंच म्हणा. किती कमी पडले ते सांगू नका.
६. नोंद ठेवणाऱ्याने नवी शिल्लक दाखवल्याशिवाय पुढची गाडी नाही.

सहावी पायरी घाईत सुटते आणि मग दहाव्या गाडीला कुणाकडे किती आहे याचा पत्ता नसतो.

सगळ्यांना एकत्र बसणं जमतच नसेल तर वेळेच्या मुदतीचा लिलाव करा: गाड्या दोन दिवस खुल्या ठेवायच्या आणि ठरल्या वेळी बंद. पण नुसती वेळ ठरवली तर शेवटच्या सेकंदाला झडप घालणारा जिंकतो. 'ब्रिंग अ ट्रेलर' या ऑनलाइन लिलावाच्या संकेतस्थळावर खऱ्या गाड्यांसाठी जो नियम आहे तोच घ्या: शेवटच्या दोन मिनिटांत बोली आली की मुदत पुन्हा दोन मिनिटांवर. सगळ्या गाड्या एकाच वेळी बंद करू नका, पाच-पाच मिनिटांचं अंतर ठेवा.

खेळाडूंसाठी: प्रत्येक गाडीसाठी आपली कमाल हातोडा किंमत आधी लिहून नोंद ठेवणाऱ्याकडे बंद चिठ्ठीत द्या. ही बंधनकारक नाही. ती कशासाठी, ते शेवटच्या टप्प्यात आहे.

## टप्पा ९: खरे निकाल आणि हिशेब

खरी विक्री झाली की प्रत्येक गाडीची जाहीर किंमत, प्रीमियमसकट, तक्त्यात भरा. खेळाडूचे गुण म्हणजे त्याच्याकडच्या गाड्यांची खरी किंमत अधिक शिल्लकेचे ९० टक्के.

एका खेळाडूने दोन गाड्या २,००,००० आणि १,५०,००० च्या हातोड्याने घेतल्या. प्रीमियमसकट ३,९२,००० गेले, १,१८,००० उरले. खऱ्या लिलावात त्याच गाड्यांचे मिळून ३,८०,८०० आले. त्याचे गुण: ३,८०,८०० अधिक १,०६,२००, म्हणजे ४,८७,०००. गाड्यांत त्याला तोटा झाला, तरी काहीच न घेता बसलेल्याच्या ४,५९,००० पेक्षा तो पुढे आहे. तिसऱ्याने एकच गाडी ३,००,००० ला घेतली, त्याला ३,३५,००० पडले, खरी किंमत ४,२३,००० निघाली. त्याचे ५,८०,५००.

खऱ्या लिलावात गाडी विकलीच गेली नाही किंवा मागे घेतली गेली, तर खेळाडूने जितके दिले तितकीच तिची किंमत धरा. तिथे पुकारलेली शेवटची बोली धरायचा आग्रह होतो. धरू नका. ती खऱ्या खरेदीदाराची होती की हवेतली, हे बाहेरून कळत नाही. विक्री युरोपात असेल तर युरो-डॉलरचा दर आपल्या लिलावाच्या दिवशीचाच पक्का करा.

शेवटी बंद चिठ्ठ्या उघडा आणि प्रत्येकाची लिहिलेली कमाल किंमत त्याने प्रत्यक्षात लावलेल्या बोलीशेजारी मांडा. आमच्या तिसऱ्या लिलावात दहापैकी सात जण स्वतःच्याच चिठ्ठीच्या वर गेले होते. सीए बाईसुद्धा.